उन्हाळी सुट्टीचे नव्वद तास

(वसमत येथे संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन कार्यक्रमात केलेले भाषण)



आम्ही काही शिक्षणतज्ज्ञ नाही. बँकेत कारकून आहोत. वीस-बावीस वर्षे काउंटरवर बसून माणसे पाहिली, त्यातून जे चार विचार सुचले ते आपल्यापुढे ठेवतो. आठवी, नववी, दहावीच्या मुलामुलींनी उन्हाळ्याच्या सुट्टीचे काय करावे, हा आजचा विषय आहे.

प्रथम हिशेब करू. मे महिना आणि जूनचा पहिला पंधरवडा मिळून सुट्टी दीड महिन्याची, म्हणजे पंचेचाळीस दिवसांची. रोज दोन तास बाजूला काढले तर नव्वद तास होतात. शहरातील ज्या मुलाचे पालक शिबिराची आणि क्लासची फी भरू शकतात, त्याचे हे तास विकत घेतलेले असतात. आपल्या मुलाचे तास मोकळे असतात, आणि मोकळे तास कसे गेले ते कळतही नाही.

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अभ्यासकांनी १९८२ साली पहिलीत दाखल झालेल्या मुलांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. शाळा चालू असताना गरीब आणि सुस्थितीतील मुले साधारण सारख्याच गतीने पुढे जात. सुट्टीत मात्र सुस्थितीतील मुले पुढे सरकत आणि गरीब मुले जागच्या जागी राहत. हा फरक नेमका किती, याबद्दल पुढे इतर अभ्यासकांनी शंका घेतल्या. तरीही शाळा बंद झाली की घरच्या परिस्थितीचा जोर वाढतो, हे आपल्याला वस्त्यांमध्ये डोळ्यांनी दिसते.

काही पालक म्हणतील, साहेब, आमच्या पोरांना सुट्टी असते कुठे? हे खरे आहे. आपल्या भागात ऊसतोडीला गेलेली मंडळी हंगाम संपवून परत येतात तोच उन्हाळा लागतो. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून मोंढ्यात येण्याचे दिवसही हेच. घरात हात हवे असतात. मुलांनी घरच्या कामाला हात लावू नये, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु चौदा वर्षांखालील मुलाला मजुरीला धाडणे कायद्याने गुन्हा आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीने घरच्या कामात मदतीची जी सवलत ठेवली तीही शाळेच्या वेळेनंतर व सुट्टीत, धोक्याचे काम सोडून. पालकांना आमची एवढीच विनंती आहे की सकाळी सहा ते आठ हे दोन तास मुलांचे समजावेत. ऊन तापण्याच्या आत ते संपतात आणि दिवसाचे काम अडत नाही.

या दोन तासांत काय करावे? अर्धा तास इंग्रजी मोठ्याने वाचावे. अर्धा तास गणित करावे, तेही मागच्या इयत्तेचे, कारण नववीत अडलेल्या मुलाचे मूळ बहुधा सहावी-सातवीच्या अपूर्णांकात आणि शेकडेवारीत सापडते. उरलेला एक तास अभ्यासक्रमाबाहेरचे पुस्तक वाचावे आणि वाचले ते दहा ओळींत स्वतःच्या शब्दांत लिहून काढावे. चांगले गुण मिळवलेला मुलगा काउंटरवर येतो आणि पैसे भरण्याची स्लिप दुसऱ्याकडून लिहून घेतो, हे आम्ही नेहमी पाहतो. रक्कम अक्षरी लिहिताना त्याचा हात थांबतो. हात चालण्यासाठी रोज लिहिण्याशिवाय दुसरा उपाय नाही.

आपले गाव हीसुद्धा एक शाळाच आहे. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पाच क्विंटल ओली हळद वाळून साधारण एक क्विंटल राहते. हे शेकडेवारीचे उदाहरण आपल्या दारात पडलेले आहे. वडील किंवा काका मोंढ्यात माल नेतील तेव्हा सोबत जा. बोली कशी लागते ते पाहा. हिशेबपट्टी हातात घेऊन आडत, हमाली, तोलाई किती वजा झाली ते स्वतः मोजा. ज्या घरात हिशेबपट्टी वाचणारे एक मूल आहे, त्या घराला फसवणे अवघड जाते.

आता कागदपत्रांविषयी सांगतो, कारण अनेक मुलांचे नुकसान येथेच होते. जून-जुलैत दाखल्यांसाठी एकच झुंबड उडते. तारीख निघून जाते, शिष्यवृत्ती हुकते, आणि गुण असूनही मूल शिक्षण सोडते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ सालापासून आहे. ती आयती घरी येत नाही, तिच्यासाठी कागद लागतात. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबा किंवा चुलत आजोबा कोणत्या गावच्या शाळेत होते, तेथे प्रवेश-निर्गम उतारा मिळतो का, हा शोध सुट्टीत घ्यावा. उत्पन्नाचा दाखला एप्रिलनंतर नव्या वर्षाचा काढावा. बँकेत खाते उघडून ते आधारशी जोडून घ्यावे. दहा वर्षांवरील मुलांना स्वतःचे बचत खाते स्वतः चालवू देण्याची मोकळीक रिझर्व्ह बँकेने २०१४ साली बँकांना दिली आहे. सातवीतून आठवीत जाणाऱ्यांनी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी सुट्टीतच सुरू करावी. वर्षाला बारा हजार रुपये, तेही नववी ते बारावी अशी चार वर्षे, ही रक्कम आपल्या घरांना लहान नाही.

आणखी एक काम बिनखर्चाचे आहे. आठवीपर्यंत सरकारी व अनुदानित शाळांत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात, नववी-दहावीची विकत घ्यावी लागतात. दहावी झालेल्यांनी आपली पुस्तके जाळीला किंवा रद्दीला न घालता विहारात आणून द्यावीत. अभ्यासक्रम बदललेला नाही ना, एवढे पाहून ती खालच्या वर्गातील मुलांना वाटता येतील.

शेवटी मोठ्या माणसांसाठी दोन शब्द. बाबासाहेब परळच्या चाळीत एका खोलीत राहून शिकले. खोलीत अभ्यासाला जागा नव्हती. शाळा सुटल्यावर ते चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तेथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांची त्यांच्यावर नजर गेली. त्यांनी चौकशी केली, पुस्तके दिली, स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. पुढे शिक्षण पैशावाचून अडले तेव्हा केळुसकरांनीच सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. बाबासाहेबांची बुद्धी आणि कष्ट त्यांचे स्वतःचे होते. परंतु त्यांना बसायला बाग मिळाली आणि विचारपूस करणारा एक माणूस मिळाला, हेही आपण लक्षात ठेवले पाहिजे.

म्हणून आमची सूचना अशी की सुट्टीत विहार सकाळी सहा ते आठ उघडा ठेवावा. आपल्यात शिक्षक आहेत, कारकून आहेत, पोस्टात आणि एस.टी.त नोकरी करणारे आहेत. प्रत्येकाने आठवड्यातून एक सकाळ द्यावी. शिकवता येत नसेल त्याने नुसते बसावे, हजेरी घ्यावी, आणि सलग दोन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी जाऊन यावे. आमची रविवारची सकाळ आम्ही आजच लिहून देतो. बाकी सहा दिवसांची नावे सभा उठण्यापूर्वी अध्यक्षांकडे द्यावीत, ही विनंती करतो आणि थांबतो. जयभीम.