उतरवायचं की तपासायचं?

अमेरिकेत स्थायिक झालेली माझी भाची विचारते, ‘मामू, मुलं सांभाळून घरी काम करायचंय. ट्रान्स्क्रिप्शन घेऊ की स्कोपिंग?’

पहिलं आपल्या ओळखीचं. ध्वनिमुद्रण ऐकायचं नि टाइप करायचं. तासाभराच्या बोलण्याला नवख्याचे चार तास सहज जातात. पैसे मात्र बहुधा ध्वनिमुद्रणाच्या मिनिटांवर.

स्कोपिंग हे तिकडच्या कोर्टकचेरीतलं काम. तिथला लघुलेखक २२ कळांच्या यंत्रावर एकदम अनेक कळा दाबून साक्ष टिपतो, संगणक तिचं इंग्रजी करतो. त्यातल्या चुका, नावं, विरामचिन्हं सुधारतो तो स्कोपिस्ट. मोबदला पानामागे. कवितेत स्वल्पविराम हलला तर फार तर संपादक कुरकुरतो. इथे एखादा ‘नाही’ निसटला तर साक्षच उलटायची! शिवाय यंत्राची सांकेतिक लिपी शिकायची, महागडं सॉफ्टवेअर घ्यायचं आणि काम देणारे लघुलेखक स्वतःच शोधायचे.

पण नुसतं ऐकून टाइप करणं आता संगणकही करतो. परदेशी डॉक्टरांचं बोलणं उतरवणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी जणी पुढे संगणकाचा मसुदाच तपासू लागल्या. म्हणून माझा कल स्कोपिंगकडे.

तिला म्हटलं, घरखर्चापुरतं ट्रान्स्क्रिप्शन कर, कानही तयार होईल. सोबत लिपी शिक. आणि सॉफ्टवेअर घेण्याआधी दोन-तीन लघुलेखकांना विचार, ते कोणतं वापरतात. त्यांचं नि तुझं जुळलं नाही, तर पैसे पाण्यात.