घाट, गर्दी आणि रेडिएटरचा पंखा

खोपोलीहून लोणावळ्याला पोचेपर्यंत गाडी पाचशे मीटरहून अधिक चढते. १८३० साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी या चढाचा, म्हणजे बोरघाटाचा, गाडीरस्ता खुला केला. १८६३ साली रेल्वेही हाच घाट चढली. रेल्वेचा चढ ३७ फुटांना एक फूट इतका, म्हणून कर्जतहून अनेक गाड्यांना आजही मागून बँकर इंजिने लावतात. मोटारीला मागून ढकलणारे कोणी नाही. तिचे इंजिन एकटेच राबते आणि तापते.

अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनीचा पंखा पट्ट्यावर फिरे. इंजिनाची गती मंदावली की तोही मंदावे, आणि घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसत. १९८३ साली मारुती ८०० आली. तिचे इंजिन आडवे बसवलेले. त्यावरून रेडिएटरच्या पंख्यापर्यंत पट्टा नेणे अडचणीचे. म्हणून पंख्याला विजेची स्वतंत्र मोटर मिळाली. सोय झाली, पण बिघाडाची जागाही बदलली. आता पंखा बंद पडतो तो बहुधा विजेमुळे.

हा बिघाड लबाड असतो. एक्सप्रेसवेवर गाडी वेगात असताना समोरचा वाराच रेडिएटर थंड ठेवतो. पंखा मेलेला असला तरी तापमानाचा काटा हलत नाही. खरी परीक्षा होते ती पावसाळ्यातल्या रविवारी लोणावळ्यातल्या भुशी धरणाच्या रस्त्यावर, पहिल्या गियरमध्ये, गर्दीत. काटा वर सरकतो आणि एसीची हवा कोमट होते.

अशा वेळी एसी बंद करावा, हीटर पूर्ण चालू करावा, जागा मिळताच गाडी बाजूला घ्यावी आणि इंजिन बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. आत दाब असल्याने पाणी शंभर अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही; झाकण फिरताच ते उसळून तोंडावर येते. इंजिन बंद असतानाही काही गाड्यांत पंखा अचानक फिरू लागतो, तेव्हा हातही दूरच बरा.

गाडी थंड झाली की तपासणीचा क्रम विजेच्या वाटेनेच ठेवावा. आधी कुलंटची पातळी, मग एसी चालू. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर पंखा फिरतो. तो फिरला तर मोटर शाबूत. संशय तापमानाच्या सेन्सरवर किंवा त्याच्या वायरवर. नाहीच फिरला तर फ्यूज पाहावा. जळाला असेल तर तितक्याच अँपिअरचा नवा घालावा. तोही लगेच जळला तर मोटर जाम आहे किंवा वायर कुठेतरी शॉर्ट आहे. फ्यूज ठीक असेल तर त्याच प्रकारचा हॉर्नचा रिले पंख्याच्या जागी लावून पाहावा. पंखा फिरला, तर दोष रिलेचा.

तरीही हालचाल नसेल, तर मोटरच्या कनेक्टरवर टेस्ट लॅम्प लावायचा. एक टोक पंख्याला वीज आणणाऱ्या वायरवर, दुसरे अर्थच्या वायरवर. लॅम्प लख्ख पेटला आणि पंखा स्तब्ध, तर मोटरचे ब्रश झिजले असण्याची शक्यता मोठी. मिणमिणला, तर वाटेत कुठेतरी गंज आहे.

मावळात हा गंज विशेष शोधावा लागतो. लोणावळ्याचा पाऊस, रस्त्यावरचा चिखल, साचलेल्या पाण्यातून नेलेली गाडी यांमुळे कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात आणि बॉडीला जोडलेला अर्थ सैल होतो. अशा वेळी मल्टिमीटरवर पूर्ण व्होल्ट दिसतात, कारण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. मोटरने करंट ओढताच व्होल्ट कोसळतात. म्हणून मोजणी मोटर जोडलेली ठेवून करावी. आठवडाभर बंगल्यात उभ्या राहिलेल्या गाडीत उंदराने कुरतडलेली वायरही नेहमीचीच.

यातले काहीच न पाहता ‘फॅन डायरेक्ट’ करून, म्हणजे पंखा थेट बॅटरीला जोडून देण्याची चाल आहे. अडचणीत गॅरेजपर्यंत पोचायला, तेही मधे फ्यूज घालून, ते चालेल. कायमचे तसे ठेवले तर मोटर विनाकारण झिजते, वायर तापते, आणि पंखा बंद करायचे विसरले तर सकाळी बॅटरी उतरलेली सापडते. मूळ दोष मात्र जिथल्या तिथे.

तेव्हा पावसाळ्याआधी गाडी उभी ठेवून, एसी लावून पंखा फिरतो का, एवढे प्रत्येकाने पाहावे. आणि कोणी तो डायरेक्ट करून दिला असेल, तर पुन्हा घाट चढण्याआधी मूळ वायरिंगवर करून घ्यावा.