नरक कुठे आहे?



नरकाचा धाक अनेक धर्मांत आहे. फादर स्टीफन्स हा इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात आला. त्याने मराठी ओव्यांत ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली छापले गेले. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो, सैतानाला देवचार. हा सैतान मुळात देवदूतच, पण गर्वाने बंड करून खाली पडलेला. इटलीचा कवी दान्ते तर नरकाच्या तळाशी आग नाही, बर्फ दाखवतो. तिथे दगाबाज गोठून पडलेत.

म्हणजे पापाचे मूळ मनात, हे त्यांनीही ओळखले. पण त्यांचा नरक मेल्यावरचा, कधी न संपणारा. सुटका देवाच्या कृपेने. बुद्धांपुढेही मार आला होता. त्यांनी त्याला ओळखले, अन् तो हरला. लोभ, द्वेष, मोह ही आग विझवणे आपल्याच हाती आहे.

महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा कुठला देवचार आला नाही. लाठ्या घेऊन आली ती माणसेच!

म्हणून घरी गेल्यावर ज्याने त्याने स्वतःला विचारा, माझ्या दारूपायी, माझ्या रागापायी माझ्याच घरात नरक झालाय का?

जयभीम! नमो बुद्धाय!