कात्री कोणाची?



ज्या व्यासपीठावरून आपण ज्ञानेश्वरीवरची व्याख्याने ऐकत आलात, तेथे आज आम्ही सिनेमा आणून बसवीत आहोत. श्रोत्यांतील वडीलधारी मंडळी याकडे जरा कौतुकाने पाहतील अशी आशा आहे. विषय थिल्लर नाही. एखादी कलाकृती लोकांपुढे एकदा आली, लोकांनी ती आपली मानली, आणि मग पंचवीस-पन्नास वर्षांनी तिच्या कर्त्याने येऊन सांगितले की, "थांबा, खरी कृती ही नव्हेच, खरी ती, मी तुम्हांला आता दाखवतो," तर आपण काय करावे? असा हा प्रश्न आहे.

प्रश्न ताजा आहे. 'शोले' हा चित्रपट 15 ऑगस्ट 1975 रोजी, आणीबाणीच्या दिवसांत, प्रदर्शित झाला. त्याचा शेवट सेन्सॉरने बदलायला लावला होता. दिग्दर्शक रमेश सिप्पी यांनी चित्रित केलेल्या मूळ शेवटात ठाकूर स्वतः गब्बरचा जीव घेतो. आपण पाहिलेल्या शेवटात ऐन वेळी पोलीस येतात आणि कायद्याची आठवण करून देतात. मूळ शेवट असलेली, नव्याने दुरुस्त केलेली प्रत 2025 साली आधी इटलीतील बोलोन्या येथे आणि डिसेंबरात आपल्याकडे दाखवली गेली. तेव्हापासून कटिंगच्या दुकानापासून कोर्टाच्या आवारातल्या चहाच्या टपरीपर्यंत वाद चालू आहे, की खरा 'शोले' कोणता?

परदेशात या प्रकाराला 'डायरेक्टर्स कट' म्हणतात. आम्ही त्याला 'दिग्दर्शकाची प्रत' म्हणू. ही प्रत बहुधा लांब असते, आणि लांब म्हणजे पूर्ण, पूर्ण म्हणजे चांगली, असा एक समज तिच्याबरोबर फुकट येतो. हा समज आम्हांला मान्य नाही.

आमच्या पिढीने सिनेमा पाहिला तो जत्रेतल्या तंबूत. परळीला महाशिवरात्रीची जत्रा भरली की टुरिंग टॉकीजचा तंबू उभा राही. प्रत जुनी, गावोगाव फिरून झिजलेली. फीत तुटली की ऑपरेटर तुटका भाग कापून दोन टोके चिकटवी, आणि दर तुटीगणिक काही क्षण कायमचे जात. रात्री तिसरा खेळ करायचा असला तर एखादे गाणेच काय, एखादे अख्खे रीळही गाळले जाई. एक रीळ म्हणजे साधारण हजार फूट, पडद्यावर अकरा मिनिटे. त्यामुळे नायकाचा बाप मेला कधी, हे पहिल्या खेळाच्या प्रेक्षकाला ठाऊक असे आणि तिसऱ्या खेळाच्या प्रेक्षकाने ते अंदाजाने ताडावे! सांगायचे ते एवढेच, की कात्री चालते ती नेहमी कलेच्याच कारणाने चालते असे नाही. दुसऱ्या महायुद्धात कच्च्या फिल्मचा तुटवडा पडला तेव्हा सरकारनेच चित्रपटाच्या लांबीवर 11,000 फुटांची मर्यादा घातली होती. म्हणजे जेमतेम दोन तास. तेथे कथेला काय हवे, हे कोणी विचारले नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, प्रत लांब की आखूड हे विचारू नका. आधी विचारा, कात्री कोणाची होती?

'शोले'चे उदाहरण पुन्हा घेऊ. या चित्रपटावर दोन कात्र्या चालल्या. एक सेन्सॉरची, तिचा उल्लेख झालाच. दुसरी संकलकाची. या संकलकाचे नाव माधव शिंदे, म्हणजे श्रेयनामावलीतले एम. एस. शिंदे. हे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? अमिताभ, धर्मेंद्र, संजीवकुमार, अमजदखान सगळ्यांच्या तोंडी. पण 'शोले'ला फिल्मफेअरचे जे एकच पारितोषिक त्या वर्षी मिळाले, ते या मराठी माणसाला, संकलनासाठी मिळाले. सुमारे तीन लाख फूट चित्रित फितीतून त्यांनी वीस हजार फुटांच्या आसपासचा चित्रपट काढला, असे सांगतात. पंधरा फुटांतले चौदा टाकायचे आणि एक ठेवायचा! शेतकऱ्याला निंदणी कळते. तण काढताना पीक हाती येऊ द्यायचे नसते. येथे तर काढायचे तेही पीकच होते.

न दाखवण्याचा एक नमुना पाहा. इमामसाहेबांचा तरुण मुलगा अहमद (ही भूमिका आपल्या सचिनने केली आहे) गब्बरच्या तावडीत सापडतो. 1975 च्या चित्रपटात त्याला मारताना दाखवलेले नाही. गब्बरच्या हातावर मुंगी चालते, तो ती चिरडतो. आणि पुढच्याच क्षणी घोडा त्या पोराचे प्रेत घेऊन गावात येतो. बस्स. मधली सारी क्रूरता प्रेक्षकाने आपल्या मनात पाहायची. तो वध सविस्तर दाखवला, तर चित्रपट काही मिनिटांनी वाढेल आणि कितीतरी पटींनी लहान होईल.

उलट, शेवटाचे तसे नाही. हात तोडलेला माणूस चित्रपटभर एकाच क्षणाची वाट पाहतो, त्याच्यासाठी दोन जिवांना पणाला लावतो, त्यांतला एक जीव जातो. आणि तो क्षण हातातोंडाशी आल्यावर पोलीस अधिकारी येऊन दोन शब्द सांगतो व ठाकूर ऐकतो! कायद्याच्या दृष्टीने हे उत्तम आहे. कथेच्या दृष्टीने मात्र ही बाहेरून लावलेली ठिगळपट्टी आहे. सेन्सॉरने जे कापायला लावले ते परत लावणे हा न्याय होय. संकलकाने विचाराने जे टाकले ते परत आणणे हा मात्र त्याच्यावर अन्याय होय. 'दिग्दर्शकाची प्रत' हा शब्द हे दोन्ही एकाच पोत्यात भरतो, ही आमची तक्रार आहे.

बाहेरच्या जगातही हेच दिसते. रिडली स्कॉट यांचा 'किंगडम ऑफ हेवन' 2005 साली आला तेव्हा निर्मात्यांच्या आग्रहाने त्यातून राणी सिबिलाच्या लहान मुलाचे कथानक समूळ काढले होते. मुलाला गादी मिळते, त्याला कुष्ठरोग झाल्याचे कळते, आणि आईच त्याचा शेवट करते. हे गेल्यावर राणी खचते का, हे कोणालाच समजेना. पुढे सुमारे पाऊण तासाची भर घालून तो भाग परत आला आणि सामान्य ठरलेला चित्रपट लोकांनी वाखाणला. याच दिग्दर्शकाच्या 1982 च्या 'ब्लेड रनर'वर निवेदन आणि गोड शेवट लादला होता. 1992 च्या प्रतीत तो काढून टाकला. लांबी जवळजवळ तेवढीच राहिली. दिग्दर्शकाची प्रत म्हणजे वाढवलेली प्रत असे नव्हे, याचा यापेक्षा चांगला दाखला नाही.

आता दुसरी बाजू. 'सिनेमा पॅराडिसो' हा इटालियन चित्रपट आम्हांला फार जवळचा, कारण त्यातले सिसिलीतले खेडे आपल्या परळी-गेवराईच्या तंबूचे सख्खे भावंड वाटते. तेथे पाद्री चुंबनांची दृश्ये कापायला लावतो आणि ऑपरेटर ती कापतो. हा चित्रपट 1988 साली इटलीत 155 मिनिटांचा आला आणि पडला. मग 124 मिनिटांचा करून बाहेर पाठवला, आणि कान महोत्सवाचा सन्मान व ऑस्कर घेऊन आला. पुढे 173 मिनिटांची प्रत निघाली. तीत नायकाला प्रौढपणी जुनी प्रेयसी भेटते आणि त्यांची ताटातूट होण्यात त्या लाडक्या ऑपरेटरचाच हात होता असे कळते. कथा पूर्ण झाली खरी. पण आखूड प्रतीत शेवटी कापलेल्या चुंबनांची रिळे पाहताना जो कंठ दाटून येतो, तो लांब प्रतीत हिशेब करू लागतो. आमचे मत आखूड प्रतीच्या बाजूने आहे.

कोपोला यांनी तर स्वतःच निवाडा केला. 1979 च्या 'अपॉकलिप्स नाउ'त 2001 साली त्यांनी 49 मिनिटे घातली. 2019 साली पुन्हा बसले आणि त्यांतली काही काढली. आपल्याकडे राज कपूर यांचा 1970 चा 'मेरा नाम जोकर' चार तासांहून लांब, दोन मध्यंतरांचा; तो पडला, कापला गेला, आणि आखूड होऊन पुढच्या पिढीला आवडला.

या बाबतीत अंबाजोगाईच्या माणसाला परका दाखला देण्याची गरजच नाही. दासोपंतांनी गीतेवर 'गीतार्णव' लिहिला, सव्वा लाख ओव्यांचा म्हणतात. ज्ञानेश्वरी नऊ हजारांची. दासोपंतांची योग्यता कोण नाकारील? त्यांची पासोडी पाहायला आपण पाहुण्यांना हौसेने नेतो. पण घरोघर पारायण कशाचे होते, हे आपण जाणता. आणि पैठणच्या एकनाथांनी 1584 साली ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती कशी? भर घालून नव्हे. नकलाकारांनी घुसडलेले काढून, आणि पुढे कोणी ओवी घालू नये अशी ताकीद देऊन. मूळ शोधणारा माणूस पुष्कळदा कमी करत जातो.

मात्र एका गोष्टीत सिनेमाची पोथीशी तुलना होत नाही. पोथीच्या नकला मठोमठी असतात. फीत जळते, विरघळते, चांदीसाठी वितळवली जाते. श्ट्रोहाइम यांचा 'ग्रीड' मुळात 42 रिळांचा होता. 1924 साली दहा रिळांचा करून दाखवला, आणि उरलेला आजवर सापडला नाही. ऑर्सन वेल्स ब्राझीलमध्ये असताना 1942 साली त्यांच्या 'मॅग्निफिसंट अँबरसन्स'मधून पाऊण तास कापला गेला. कापलेला भाग नष्ट केला. आणि आपले दादासाहेब फाळके! 3 मे 1913 रोजी गिरगावात कॉरोनेशनमध्ये लागलेला 'राजा हरिश्चंद्र' त्यांनी 1917 साली नव्याने चित्रित केला. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जे अवशेष आहेत ते या दुसऱ्या प्रतीचे असावेत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे भारतातला पहिला संपूर्ण कथाचित्रपट म्हणून आपण ज्याची छायाचित्रे पाठ्यपुस्तकात पाहतो, तो बहुधा पहिला नव्हेच. फाळक्यांची कोणती आवृत्ती सरस, हा वादसुद्धा आपल्याला घालता येत नाही.

'शोले'च्या बाबतीत तो घालता येतो, हे आपले भाग्य. आमच्या घरात कॉलेजात जाणाऱ्या नातवाने मोबाइलवर थेट नवा शेवट पाहिला आणि "आजोबा, यात एवढे काय होते?" म्हणून विचारले. त्याला आम्ही 1975 ची प्रत आधी, मोठ्या पडद्यावर, पहिल्या आगगाडीपासून पाहायला सांगितली आहे; नवा शेवट त्यानंतर. ज्यांनी अजून पाहिला नसेल अशा श्रोत्यांनाही आम्ही हाच क्रम सुचवतो.