चौकोनाचे गोल कोपरे
(पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींना हसू येईल. संगणकावर चित्राचे कोपरे गोल कसे करावेत, हा काय भाषणाचा विषय झाला? परंतु याच कोपऱ्यांपायी गेल्या वर्षी आपल्या शाळेची ८४ ओळखपत्रे वाया गेली आणि दोष सर्वस्वी माझा होता. म्हणून बोलणे भाग आहे.

मी शिकवतो मराठी आणि इतिहास. संगणकाचा तास माझ्याकडे आला तो वेळापत्रकातील अडचणीमुळे. ओळखपत्र करताना मी क्रीडा दिनाचा जुना बिल्ला घेतला. तो ५४ मिलिमीटरचा चौरस होता, त्याच्या किनारीच्या कोपऱ्याची त्रिज्या ५ मिलिमीटर. कार्ड ८६ मिलिमीटर रुंद हवे, म्हणून ते चित्र मी माऊसने आडवे ओढले आणि छापावयास दिले. कार्डे आली, तेव्हा नववीतील एक मुलगा म्हणाला, "सर, कोपरे दबलेत." मी म्हणालो, छपाईचा दोष असेल. त्याने पट्टी लावून दाखविले. उंची तीच राहिली होती, त्यामुळे उभी त्रिज्या ५ च होती. रुंदीबरोबर आडवी त्रिज्या मात्र ताणून जवळजवळ ८ झाली होती. वर्तुळाचा तुकडा लंबवर्तुळाचा झाला होता. कार्डे कापणारे यंत्र कोपरा खऱ्या वर्तुळात कापते. छापलेली किनार आणि कापलेली कड यांचा मेळ बसेना. पैसे मी भरले, तो भाग सोडून द्या.

आपल्या खिशातील बँकेचे कार्ड काढून पाहा. ८५.६० गुणिले ५३.९८ मिलिमीटर हे जगभर ठरलेले माप आहे, आणि कोपऱ्याची त्रिज्या सुमारे ३ मिलिमीटर. टोकदार कोपरा टोचतो आणि आधी दुमडतो, ही त्यामागची साधी गोष्ट. आता हा कोपरा काढावयाचा कसा? कोपऱ्यात एक वर्तुळ असे बसवा की दोन्ही बाजू त्याच्या स्पर्शिका होतील. वर्तुळाचा केंद्रबिंदू दोन्ही बाजूंपासून त्रिज्येइतकाच दूर, म्हणजे कोनदुभाजकावर येतो. वर्तुळाबाहेर उरलेले टोक टाकून द्या. दहावीच्या वर्तुळाच्या प्रकरणात याहून वेगळे काय आहे? आणि त्रिज्या वाढवून वाढवून किती वाढवाल? लहान बाजूच्या निम्म्यापर्यंत. तेथे बाजू संपते आणि टोकाला पूर्ण अर्धवर्तुळ होते.

इंकस्केप नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्यात आयत काढला की वरच्या पट्टीत आरएक्स आणि आरवाय असे दोन रकाने दिसतात, एक आडव्या त्रिज्येचा, दुसरा उभ्या. दोन्हींत एकच आकडा घाला. आधी माप ठरवा, मग कोपरा गोल करा. मी नेमके उलटे केले. आत दुसरी किनार काढावयाची असेल, तर तिला बाहेरचीच त्रिज्या देऊ नका. बाहेर ५ आणि मधले अंतर २ असेल, तर आत ३ द्या, म्हणजे दोन्ही चाप एककेंद्री होतील. नाही तर कोपऱ्यात पट्टी जाड दिसते. फोटोचे कोपरे गोल केले असतील, तर तो पीएनजी म्हणून साठवावा. जेपीजीमध्ये पारदर्शक भाग राहतच नाही, तेथे रंग भरला जातो.

१९८१ साली अ‍ॅपल कंपनीतील बिल अ‍ॅटकिन्सन यांनी पडद्यावर झटपट वर्तुळे काढून दाखविली. त्या यंत्राला वर्गमूळ काढणे जड जाई. १ अधिक ३ म्हणजे ४, त्यात ५ मिळविले की ९. विषम संख्यांच्या बेरजेतून वर्ग मिळतात, हे शाळकरी गणित त्यांनी कामाला लावले. स्टीव्ह जॉब्ज यांनी विचारले, गोल कोपऱ्यांचे आयत का नाहीत? अ‍ॅटकिन्सन यांना ते अवघड आणि अनावश्यक वाटले. जॉब्ज यांनी त्यांना बाहेर फिरावयास नेले आणि तसे आकार दाखवीत राहिले. वाहने उभी न करण्याची पाटीसुद्धा तशीच निघाली. दुसऱ्या दिवशी काम झाले होते.

त्या नववीतल्या मुलाचे वडील मला भेटले होते. नात्यातल्या एकाचे डीटीपीचे दुकान आहे, मुलाला बटणे येतात, मग दहावी कशाला, असा त्यांचा प्रश्न. घरची ओढ मला ठाऊक होती, म्हणून उपदेश करवला नाही. मी वाया गेलेले कार्ड त्यांच्या हातात दिले आणि म्हटले, "बटणे मलाही येत होती." ते बराच वेळ कार्ड उलटसुलट करून पाहत होते. मग त्यांनी मुलाला हाक मारली आणि चूक कोठे आहे ते त्याच्याकडून समजावून घेतले.

मुलगा आता दहावीत आहे. दुकानात तो संध्याकाळी सात ते नऊ बसतो. या वर्षीची ओळखपत्रे त्यानेच केली आहेत. ती प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर ठेवली आहेत, जाताना पालकांनी घेऊन जावीत.