ओटीवरचा खेळ

राज्यभरातून आलेले ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि मुलांना मांडीवर घेऊन मागच्या रांगेत बसलेले आईबाबा,

'येवा, कोकण आपलाच आसा' ही पाटी तुम्ही वाटेत वाचलीच असेल, म्हणून ती परत वाचून दाखवत नाही. सावंतवाडीत तुमचं मनापासून स्वागत.

या संमेलनाचा स्वागताध्यक्ष म्हणून मीच का, हा प्रश्न पडणं साहजिक आहे. मी डॉक्टर नाही, मास्तर नाही. चितारआळीत आमचं लाकडी खेळण्यांचं दुकान आहे. चार वर्षांपूर्वी एक तरुण मुलगी दुकानात आली आणि म्हणाली, ''काका, मी ओटी आहे.'' आमच्याकडे ओटी म्हणजे घराची पुढची बैठक. मी म्हटलं, ''मग बाय, आधी बस तरी.'' हसून तिने उलगडा केला, की ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. 'व्यवसायोपचार' हा मराठी शब्दही सांगितला. तो ऐकून मला वाटलं, ही माझा मंदीतला धंदा सुधारायला आली आहे!

तिला हव्या होत्या सोंगट्या. तिच्याकडे येणाऱ्या सात वर्षांच्या मुलाला बाजारातल्या ल्युडोची सोंगटी चिमटीत धरता येत नव्हती. तो अख्ख्या मुठीने झडप घालायचा आणि पट उधळायचा. मी पांगाऱ्याच्या लाकडाच्या, जाड मानेच्या सोळा सोंगट्या कातून दिल्या. वर असं पॉलिश केलं, की तोंड दिसावं. आठ दिवसांनी बाई परत हजर. ''काका, फार सुंदर झाल्यात, म्हणूनच हातातून निसटतात.'' शिवाय पांगारा हलका, धक्का लागला की सोंगटी आडवी. मग फणसाचं लाकूड घेतलं, बूड रुंद केलं, मानेला खाचा पाडल्या आणि पॉलिश काढून टाकलं. उभ्या आयुष्यात मी इतकं कुरूप काम केलं नव्हतं. पण चाललं तेच.

त्यानंतर मी तिच्या उपचाराच्या खोलीत कोपऱ्यात बसून बघू लागलो. फाशाऐवजी कवड्या खुळखुळवायच्या तर तळहाताची वाटी व्हावी लागते. ज्याच्या हाताला ती वाटी येत नाही, त्याला शर्टाचं बटण आणि पेन्सिलही जड जाते. मुठीतली एकेक कवडी बोटांच्या टोकाशी आणणं हे तर मोठंच कसब. पट मुद्दाम डावीकडे सरकवायचा, म्हणजे उजवा हात शरीराची मधली रेघ ओलांडून जातो. आणि पोटावर पालथं पडून, कोपरांवर भार देऊन खेळलं, की खांदे बळकट होतात. लहानपणी आमच्या ओटीवर सगळी भावंडं अशीच लोळून सारीपाट खेळायची आणि आजोबा ओरडायचे, ''नीट मांडी घालून बसा!'' आजोबांची चूक दाखवायला मला साठी गाठावी लागली.

तो मुलगा सापशिडीत सापाने गिळलं की रडून खोली डोक्यावर घ्यायचा. तिने त्याला खोटं जिंकू दिलं नाही. शंभर घरांचा पट वीस घरांचा केला, साप एकच ठेवला, तोही दोन घरं खाली आणणारा. आपल्याकडे सापशिडीच्या जुन्या रूपाचं, मोक्षपटाचं, नातं परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडतात. त्या पटावर साप म्हणजे दुर्गुण, गिळला जाणं म्हणजे अधोगती. या पोराला नेमकं तेच वाटत होतं, की आपण वाईट आहोत म्हणून खाली आलो. साप नुसता साप आहे, पुन्हा फासा टाकता येतो, हे त्याला पटायला तीन महिने लागले.

आता थोडी कुरकुर. दुकानात येणारे पालक हल्ली विचारतात, ''काका, हा बोटांसाठी ना? रोज किती मिनिटं?'' खेळाची गोळी झाली, की मूल ती बरोबर ओळखतं आणि थुंकून टाकतं. तुम्ही मंडळींनी त्यांना एवढंच सांगावं, की बाबांनी मोबाइल आत ठेवून पटापाशी बसावं आणि मनापासून हरावं. परवाच्या गणपतीत त्या मुलाला चुलत भावंडांनी चौथा भिडू म्हणून स्वतःहून हाक मारली. खेळताना त्याने सगळ्यांची नजर चुकवून एक उताणी कवडी चिमटीने हळूच पालथी केली. आईने ही लबाडी घाबरत घाबरत सांगितली, तर आमच्या ओटीबाई रागवायचं सोडून फाइलमध्ये लिहायला लागल्या!

कमलाबाई निंबकरांचं नाव इथे घ्यायलाच हवं. जन्माने अमेरिकन, सासर मराठी. भारतात व्यवसायोपचार शिकवणारी पहिली शाळा त्यांनी १९५० साली मुंबईत केईएम रुग्णालयात सुरू केली. एवढं जुनं काम आमच्या आळीपर्यंत पोहोचायला इतकी वर्षं लागली, हा दोष दोन्ही बाजूंचा. म्हणून एक मागणं आहे. मागच्या दालनात आमचे सहा कारागीर लेथ आणि रंधा घेऊन बसले आहेत. तुमच्याकडच्या मुलाचा हात कसा आहे, ते त्यांना सांगा. रंगाचंही सांगा. मंद नजरेच्या मुलासाठी पिवळ्याशेजारी केशरी नको, काळा हवा, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळी राजवाड्यात गंजिफाचे पत्ते बघायला जायचं आहे. दशावतारी गंजिफाची गोल पानं एकशे वीस असतात, ती हातात कशी धरायची यावर तुमच्यात वाद होणार, याची मला खात्री आहे.

जेवणात सोलकढी आहे. तुमच्या पिशवीत यंदा पेन नाही, एक कापडी पट आणि सहा कवड्या आहेत. चहाच्या वेळी ओळख नसलेले तीन भिडू शोधा आणि बसा. कवड्या मात्र मोजून ठेवा, मागच्या रांगेत एक जण त्या पालथ्या करण्यात तरबेज आहे.