न आलेल्या रोग्यांचा डॉक्टर



दवाखान्याच्या दाराशी गर्दी जितकी मोठी तितका डॉक्टर मोठा, असा आपला सर्वांचा हिशेब असतो. आज आम्ही ज्या डॉक्टरांविषयी बोलणार आहोत त्यांनी हा हिशेब उलटा मांडला. दाराशी कोण आले नाही, हे ते मोजीत बसले.

ज्यूलियन ट्यूडर हार्ट हे त्यांचे नाव. जन्म लंडनचा, १९२७ सालचा; शिक्षण केंब्रिजचे. अशा माणसाने राजधानीत पाटी लावून सुखाने राहावे. पण हे गृहस्थ १९६१ साली वेल्समधील ग्लिनकोरूग नावाच्या, कोळशाच्या खाणीवर जगणाऱ्या गावी गेले आणि तेथेच रमले. गाव दोन हजार वस्तीच्या आतबाहेर.

ब्रिटनमध्ये १९४८ पासून डॉक्टरला फी द्यावी लागत नाही. मग गरिबाचे अडते कोठे, असे कोणी विचारील. हार्ट यांनी १९७१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात त्याचे उत्तर दिले: जेथे दुखणे अधिक तेथे चांगली वैद्यकी कमी, आणि जेथे बाजाराचा शिरकाव अधिक तेथे हा उफराटा न्याय अधिक कडक.

रक्तदाबाचेच घ्या. डोके दुखत नाही, म्हणजे रक्तदाब नाही, असे आपल्याकडे अजूनही शिकलेली माणसे म्हणतात! हा रोग बोलत नाही, म्हणून रोगी येत नाही. त्या काळच्या पाहण्यांत असे दिसे की, निम्म्या रोग्यांना आपला रोग ठाऊकच नसे. ठाऊक असलेल्यांपैकी निम्म्यांना औषध नसे. आणि औषध घेणाऱ्यांतही निम्म्यांचाच दाब ताब्यात असे. म्हणजे आठांत एक!

हार्ट यांनी काय केले? खोकल्यासाठी येवो की खरचटल्यासाठी, आलेल्या प्रत्येक प्रौढाचा दाब मोजून नोंदला. मग नोंदवहीत ज्यांच्या नावापुढे आकडा नव्हता त्यांना बोलावणे धाडले, आणि तरीही न येणाऱ्यांचे घर गाठले. हे काम दिपवणारे नाही. कारकुनाचे म्हणा हवे तर. पंचवीस वर्षांचा ताळा १९९१ साली प्रसिद्ध झाला. रक्तदाबाच्या रोग्यांचा सरासरी दाब १८६/११० वरून १४६/८४ वर आला होता; त्यांच्यातील धूम्रपान करणारे शेकडा ५६ वरून २० वर. शेजारच्या, अशी व्यवस्था नसलेल्या गावापेक्षा येथील मृत्यूंचे प्रमाणही कमी होते.

परंतु आम्हांला त्यांची दुसरी एक वही अधिक मोलाची वाटते. गावातील ओळीने पाचशे मृत्यू घेऊन, यांतला कोणता टळला असता, हे त्यांनी एका सहकाऱ्यासह तपासले. जवळजवळ निम्म्या मृत्यूंत टाळता येण्याजोगे काही ना काही सापडले. त्याचा मोठा वाटा रोग्यांच्या तंबाखू-दारूसारख्या सवयींचा होता. पण एक रकाना गावच्या डॉक्टरचा, म्हणजे हार्ट यांचा स्वतःचाही होता, आणि तो रिकामा नव्हता. १९८७ साली हे सारे त्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापले.